असेटो कोर्सात पोर्शे ९१९ हायब्रिड पहिल्यांदा चालवताय? मग आधी हे वाचा

असेटो कोर्सा या कार रेसिंगच्या गेममधे पोर्शेची ९१९ हायब्रिड ही शर्यतीची गाडी नव्याने घेतलेले लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. कोपऱ्यातून बाहेर पडताना गाडी अशी काही सुटते की मान मागे जावी आणि मग सरळ रस्ता अर्धा संपायच्या आतच दम सोडते, असं का होतं, काही बिघडलंय का, सेटिंग चुकलंय का. काहीच बिघडलेलं नसतं, बॅटरी संपलेली असते. आणि हे एकदा डोक्यात बसलं की ९१९ चालवायची सगळी पद्धतच बदलते, कारण या गाडीत कोण किती जोरात पाय दाबतो यापेक्षा त्या लॅपमधली, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीतली, वीज कोण कुठे खर्च करतो यावर वेळ ठरतो.

मी बरेच दिवस ही गाडी चालवतोय, आणि मराठीत यावर धड काही सापडत नाही म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. मी पीसीवर खेळतो त्यामुळे उदाहरणं पीसीची आहेत. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर हाच गेम आहे, गाडीचा भाग तिथेही जसाच्या तसा लागू होतो, फक्त बाहेरचे मॉड्स (लोकांनी बनवलेल्या जास्तीच्या गोष्टी) तिथे टाकता येत नाहीत.

१. आधी योग्य गेम घ्या

हे सांगायला लागतं कारण पैसे इथेच वाया जातात. "असेटो कोर्सा" नावाचे आता एकाहून जास्त गेम आहेत आणि स्टीमवर शोधलं की सगळे एकाखाली एक येतात. इटलीच्या कुनोस सिम्युलात्सिओनी या स्टुडिओने २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण स्वरूपात आणलेला पहिला, साधा "असेटो कोर्सा", तो आपल्याला हवाय. "असेटो कोर्सा कॉम्पेटित्सिओने" हा वेगळा गेम आहे, तो जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या) रेसिंगचा आहे आणि त्यात ९१९ नाही. नवीन दिसतो, ग्राफिक्स भारी आहेत म्हणून लोक तो घेतात आणि मग गाडी शोधत बसतात.

दुसरा सापळा डीएलसीचा, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या पॅक्सचा. नुसत्या मूळ गेममधे ही ९१९ नाही. पोर्शेच्या गाड्या २०१६ च्या शेवटी पोर्शे पॅक्समधून आल्या आणि त्यात ९१९ ची २०१५ आणि २०१६ अशी दोन्ही मॉडेल्स आली. वेगवेगळे पॅक गोळा करण्यापेक्षा अल्टिमेट एडिशन बघा, त्यात सगळे पॅक एकत्र येतात. स्टीमच्या सेलमधे हा जुना गेम फार स्वस्त होतो, त्यामुळे घाई नसेल तर सेलची वाट बघितलेली बरी. अल्टिमेट घेतलंत तर ऑडी आर१८ ई-ट्रॉन क्वाट्रो आणि टोयोटा टीएस०४० या २०१४ च्या दोन हायब्रिड पण मिळतात, म्हणजे त्या काळातल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच ट्रॅकवर उतरवता येतात. मला तरी याच एका कारणासाठी हा गेम अजून सोडवत नाही.

२. काय काय लागेल

- असेटो कोर्सा, पोर्शे पॅक्ससकट (किंवा सरळ अल्टिमेट एडिशन)
- स्टिअरिंग व्हील आणि पेडल्स. लॉजिटेक किंवा थ्रस्टमास्टरचं सुरुवातीच्या रेंजमधलं चालेल, सेकंडहँड पण चालेल, पण ब्रेक पेडल नीट तपासून घ्या
- स्टिअरिंग नसेल तर अ‍ॅनालॉग ट्रिगर असलेला कंट्रोलर. कीबोर्डवर ही गाडी चालवू नका, अर्धा ब्रेक आणि पाव थ्रॉटल दिल्याशिवाय ती ऐकत नाही
- पीसी असेल तर कंटेंट मॅनेजर. गेमच्या स्वतःच्या मेनूऐवजी वापरायचा हा बाहेरचा लाँचर आहे, जवळपास सगळे पीसीवाले तोच वापरतात
- कस्टम शेडर्स पॅच, हा नंतर टाकला तरी चालेल. मूळ गेममधे रात्र नाही, पाऊसही नाही, ते या पॅचमुळे येतं
- पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात असाल तर छोटा यूपीएस, पीसी आणि राउटर दोन्ही त्यावर. लांब रेसच्या मधे वीज गेली तर पुढे काहीच करता येत नाही

खुर्चीबद्दल एक सांगतो. चाकं असलेली ऑफिसची खुर्ची जोरात ब्रेक दाबला की मागे सरकते आणि या गाडीत ब्रेक खरंच जोरात दाबावा लागतो. चाकांखाली काहीतरी अडवा किंवा साधी चार पायांची खुर्ची घ्या.

३. कंट्रोल्स बसवा, घाई करू नका

स्टिअरिंगच्या ड्रायव्हरमधे रोटेशन ९०० अंशांवर ठेवा आणि गेममधेही तेवढंच सांगा, बाकी गाडीनुसार किती वळायचं ते गेम स्वतः जुळवतो. फोर्स फीडबॅक (स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते तो जोर) जास्त म्हणजे चांगला असं नाही. पेडल्स नावाचं अ‍ॅप स्क्रीनवर उघडा, त्यात फोर्स फीडबॅकची पट्टी दिसते, ती वेगवान वळणात सारखी लाल होत असेल तर गेन (त्या जोराचं प्रमाण) कमी करा. लाल झाली म्हणजे मोटर आधीच पूर्ण जोर लावून बसलीय आणि टायर घसरायला लागल्याचं तुमच्या हाताला कळायला जागाच उरत नाही. ९१९ ला डाउनफोर्स (हवेने गाडीला खाली दाबणारा जोर) भयंकर आहे, स्टिअरिंग वेगात जड होतं, त्यामुळे साध्या गाडीला जुळवलेला गेन इथे बहुतेक वेळा जास्त पडतो.

मग बटणं. खऱ्या ९१९ च्या स्टिअरिंगवर समोरच्या बाजूला चोवीस बटणं आणि स्विच होते आणि मागे सहा पॅडल. आपल्याला तेवढी नकोत, पण ही नक्की लावा: ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल देताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) कमी-जास्त, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी) पुढे-मागे, एमजीयू-के डिलिव्हरी (इलेक्ट्रिक मोटरला वीज कशी द्यायची) आणि एमजीयू-के रिकव्हरी (ब्रेकमधून किती वीज परत घ्यायची). शेवटची दोन कंटेंट मॅनेजरच्या कंट्रोल्समधे सापडतात आणि नवे लोक नेमकी हीच लावायची विसरतात. हेडलाइट फ्लॅश पण एका बटणावर घ्या, पुढे ट्रॅफिकमधे लागेल.

कॉकपिटमधून बघितलं तर दोन्ही बाजूला चाकांचे उंच उंचवटे आणि मधे अरुंद काच दिसते, पहिल्यांदा गुदमरल्यासारखं वाटतं. ऑनबोर्ड सेटिंग्जच्या अ‍ॅपमधून सीट थोडी वर आणि पुढे घ्या. फिल्ड ऑफ व्ह्यू मात्र उगाच वाढवू नका, वेगाचा आणि ब्रेकच्या अंतराचा अंदाज चुकायला लागतो.

असिस्टमधे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही "फॅक्टरी" ठेवा, म्हणजे खऱ्या गाडीत जे होतं तेवढंच मिळेल. स्टॅबिलिटी कंट्रोल शून्य. ते चालू ठेवून शिकलात तर गाडीच्या सवयी कधीच कळणार नाहीत आणि बंद केल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागेल.

४. गाडीच्या आत काय चाललंय ते समजून घ्या

हा भाग वगळून सरळ ट्रॅकवर जायचा मोह होईल, पण इथली दहा मिनिटं पुढचे कितीतरी तास वाचवतात.

पोर्शेने ९१९ जर्मनीतल्या वायसाखला बनवली आणि २०१४ मधे वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या स्पर्धेत एलएमपी१ या सगळ्यात वरच्या वर्गात उतरवली. मागे फक्त दोन लिटरचं, चार सिलिंडरचं व्ही आकाराचं टर्बो पेट्रोल इंजिन, ते मागची चाकं फिरवतं आणि जवळजवळ ५०० हॉर्सपॉवर देतं. पुढच्या अ‍ॅक्सलवर इलेक्ट्रिक मोटर, ती ४०० हून जास्त देते. म्हणजे दोन्ही मिळून साधारण ९०० हॉर्सपॉवर, आणि वजन ९०० किलोच्याही आत.

ही मोटर चालवायला वीज दोन ठिकाणांहून येते. ब्रेक मारला की पुढची मोटर जनरेटर बनते आणि गाडीचा वेग वीज करून बॅटरीत टाकते, हा झाला एमजीयू-के. दुसरं म्हणजे इंजिनच्या एक्झॉस्टमधे एक वेगळं छोटं टर्बाइन बसवलेलं आहे, बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर ते फिरतं आणि तेही वीज बनवतं. साधारण ६० टक्के वीज ब्रेकमधून आणि ४० टक्के एक्झॉस्टमधून, अशी विभागणी होती. एक्झॉस्टवालं यंत्र थ्रॉटल दिलेला असतानाच काम करतं, म्हणजे तुम्ही वेग वाढवत असता तेव्हाही गाडी थोडं कमावत असते, आणि एलएमपी१ मधे ही युक्ती त्यावेळी फक्त पोर्शेकडे होती.

आता मुद्द्याचं. नियमाने प्रत्येक लॅपला किती वीज वापरायची याची मर्यादा होती. फ्रान्समधल्या ल मॉन्सच्या, म्हणजे प्रसिद्ध २४ तासांच्या शर्यतीच्या, १३.६ किलोमीटरच्या लॅपला ८ मेगाज्यूल, आणि छोट्या ट्रॅकला त्या हिशोबाने कमी. बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकला २०१७ मधे ही मर्यादा ६.३७ मेगाज्यूल होती. ४०० हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साधारण ३०० किलोवॅट, भागाकार करून बघा, पूर्ण जोरात चालवली तर ही वीज २१ सेकंदांच्या आसपास पुरते. आणि स्पाचा लॅप जवळजवळ दोन मिनिटांचा! म्हणजे पावणेदोन मिनिटांहून जास्त लॅपमधे तुमच्याकडे पूर्ण बूस्टची फक्त वीसेक सेकंदं आहेत. पगार हातात आला त्याच आठवड्यात उडवला की महिनाअखेर कशी जाते तसंच आहे हे, आणि पहिल्या सरळ रस्त्यावर सगळं ओतणारा माणूस उरलेला लॅप ५०० हॉर्सपॉवरवर काढतो.

त्यातून अजून एक गोष्ट निघते जी कुणी सांगत नाही. मोटर पुढे आहे आणि इंजिन मागे. म्हणजे बूस्ट चालू असेल तेव्हा ही फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे आणि बूस्ट संपला की त्याच क्षणी मागच्या चाकांवर चालणारी गाडी होते. वळणातून बाहेर येताना, स्टिअरिंग अजून वळलेलं असताना बॅटरी संपली तर गाडीचा तोल बदललेला जाणवतो. आधी पुढचा भाग ओढला जात होता, नाक थोडं बाहेर जात होतं, आता मागचा भाग ढकलतोय. पहिल्या काही दिवसांत "काही कारण नसताना गाडी फिरली" असं वाटतं त्यातल्या बऱ्याच वेळा कारण हेच असतं, तेव्हा बॅटरीच्या आकड्याकडे एक डोळा ठेवा.

५. पहिले लॅप्स कुठे आणि कसे

ल मॉन्सचा ट्रॅक मूळ गेममधे नाही हे आधीच सांगतो. मॉड म्हणून मिळतो, पण सुरुवात तिथून करू नका, लॅप इतका लांब आहे की एखादं वळण परत घ्यायला तीन मिनिटं थांबावं लागतं.

सिल्व्हरस्टोन, स्पा आणि न्युर्बुर्गरिंगचा ग्रां प्री ट्रॅक हे तिन्ही गेममधे आहेत आणि ९१९ खरोखर या तिन्हींवर शर्यती धावलीय. मी स्पा सुचवतो. ७ किलोमीटर, लांब चढण, वेगवान वळणं, दोन तीन जबरदस्त ब्रेकिंगच्या जागा, बॅटरीचं सगळं शिक्षण एका लॅपमधे होतं.

प्रॅक्टिस मोड घ्या, एकटेच, पेट्रोल कमी ठेवा, पंधरा लिटरच्या आसपास. पहिला लॅप टायर गरम करायला जाऊ द्या. थंड स्लिक टायरवर ही गाडी साध्या वळणातही सुटते, टायरचं अ‍ॅप उघडून रंग बघत राहा. घाई असेल तर सेशनच्या सेटिंगमधे टायर ब्लँकेट (टायर आधीच गरम करून देणारी आवरणं) चालू करता येतात.

आणि एक विचित्र वाटणारी गोष्ट, वेग कमी ठेवलात तर ही गाडी जास्त अवघड होते. डाउनफोर्स वेगाबरोबर येतो, स्पाच्या पुऑं किंवा ब्लाँशीमाँसारख्या वेगवान वळणात भीत भीत गेलात तर गाडीला चिकटायला काही मिळत नाही. म्हणून वेग हळूहळू वाढवा पण वाढवत राहा, प्रत्येक लॅपला त्या वळणात थोडा जास्त थ्रॉटल.

टार्गेट काय ठेवायचं? २०१७ ला स्पाच्या सहा तासांच्या शर्यतीत ९१९ ची पोलची (सगळ्यात पुढून सुरुवात मिळवून देणारी) वेळ १ मिनिट ५४.०९७ सेकंद होती. तुम्ही दोन मिनिटांच्या आत एक स्वच्छ लॅप आणा, मग पुढचं बघू. एक खबरदारी: यूट्यूबवर १ मिनिट ४१.७७० चा स्पाचा लॅप दिसेल, नील यानीने २०१८ च्या एप्रिलमधे मारलेला, आणि न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या जुन्या, लांब ट्रॅकवरचा टिमो बर्नहार्डचा ५ मिनिटं १९.५४६ सेकंदांचा लॅपही दिसेल. ते बघाच, अंगावर काटा येतो, पण ती ९१९ इव्हो आहे. शर्यतीचे नियम बाजूला ठेवून बनवलेली, इंजिन ७२० हॉर्सपॉवरचं, मोटर ४४० ची, हलणारे विंग. गेमच्या पोर्शे पॅकमधली गाडी ती नाही, त्यामुळे त्या वेळांशी तुलना करून निराश होऊ नका.

६. ब्रेक

९१९ चा सगळ्यात मोठा वेळ ब्रेकमधे आहे आणि बहुतेक जण तो उलटा मारतात. साध्या गाडीची सवय म्हणजे आधी हळू आणि मग जोर वाढवत जायचं. इथे आधी पूर्ण जोर. ताशी ३०० च्या आसपास डाउनफोर्स इतका असतो की टायर लॉक होणं अवघड, पण वेग उतरत जातो तसा डाउनफोर्सही जातो, आणि तोच दाब ठेवलात तर शेवटी पुढची चाकं लॉक होतात कारण या गाडीला फॅक्टरीतूनच एबीएस नाही. म्हणून पहिल्या क्षणी पूर्ण दाबा आणि वेग कमी होत जाईल तसा पाय हळूहळू सोडत या, वळणात शिरताना थोडासाच ब्रेक उरलेला असेल असा.

आता रिकव्हरी. एमजीयू-के रिकव्हरीचा आकडा वाढवला की ब्रेकमधून जास्त वीज मिळते, पण ती पुढच्या चाकांना अडवूनच मिळते. म्हणजे रिकव्हरी बदलली की पुढे मागे ब्रेक कसा वाटला जातो हेही बदलतं. खऱ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स दोन्हीचं मिश्रण करून ड्रायव्हरला पेडल सारखंच लागेल असं बघायचे, गेममधे तुम्हाला स्वतः लक्ष द्यावं लागतं. नियम साधा ठेवा, रिकव्हरीला हात लावला की पुढचे दोन लॅप ब्रेक बायस तपासा आणि लागला तर एखादा टक्का मागे किंवा पुढे घ्या. दोन्ही गोष्टी एकाच लॅपमधे बदलू नका, कशाने काय झालं ते कळत नाही.

७. बॅटरीचा हिशोब, स्पाचा एक लॅप घेऊन

एक तत्त्व लक्षात ठेवा. वीज कोपऱ्यातून बाहेर पडताना वापरायची, सरळ रस्त्याच्या शेवटी नाही. का? कोपऱ्यातून बाहेर तुम्ही ताशी दहा किलोमीटर जास्त वेगाने निघालात तर तो फायदा अख्ख्या सरळ रस्त्यावर तुमच्याबरोबर येतो. शेवटी तेच दहा मिळवले तर ते शंभर मीटर पुरतात आणि लगेच ब्रेक. शिवाय वेग वाढला की हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो, ताशी ३०० ला टाकलेली वीज बरीचशी हवा ढकलण्यातच जाते. डिलिव्हरीचे प्रोफाइल गेममधे याच विचाराने बनवलेले आहेत, काही बॅटरी भरायला झुकतात, काही मधले, आणि काही एका झटपट लॅपसाठी सगळं ओतणारे. शिकताना मधल्यापैकी एक लावा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका.

आता लॅप. ला सूर्सच्या हेअरपिनमधून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ व्हायची वाट बघा, मग थ्रॉटल पूर्ण. घाई केलीत तर पुढची मोटर नाक बाहेर ओढते आणि भिंतीच्या बाजूला जाऊन थ्रॉटल सोडावा लागतो, म्हणजे वीजही गेली आणि वेगही. इथून उतार, ओ रूज, रेदियाँची चढण आणि केमेलचा सरळ रस्ता, लॅपमधला सगळ्यात लांब पूर्ण थ्रॉटलचा भाग. तुमच्या वीस सेकंदांतला मोठा वाटा इथे जातो आणि तो जायलाच हवा. केमेलच्या शेवटच्या भागात मोटर थांबलेली जाणवेल, गाडी वेग घ्यायची थांबते, तिथे घाबरायचं नाही, हे ठरल्याप्रमाणे चाललंय.

ले कोंबला पहिलं मोठं ब्रेकिंग, इथे बॅटरी चांगली भरते. त्यानंतर ब्रुक्सेलच्या उतारावरच्या लांब उजव्या वळणात धीर धरा, त्यातून बाहेर पडताना पूर्ण बूस्टची गरज नसते कारण पुढचा सरळ तुकडा छोटा आहे. पुऑंमधे ब्रेक जवळजवळ नाहीच, म्हणजे भरपाईही नाही. मग फान्य, स्टाव्हलो. स्टाव्हलोतून बाहेर पडणं हे लॅपमधलं दुसरं महत्त्वाचं ठिकाण, कारण तिथून ब्लाँशीमाँ धरून बस स्टॉपपर्यंत थ्रॉटल खाली. इथे बॅटरीत काही उरलेलं नसेल तर लॅप गेला. म्हणून मधल्या तुकड्यात, ब्रुक्सेल ते पुऑं, जाणीवपूर्वक वाचवा. त्या भागापुरती डिलिव्हरी एक पायरी खाली आणून स्टाव्हलोच्या आधी परत वर, हे बटण दाबणं सवयीचं झालं की वेळ लगेच उतरतो.

बस स्टॉपला शेवटचं मोठं ब्रेकिंग आणि लगेच ला सूर्स, या दोन ठिकाणची भरपाई पुढच्या लॅपच्या केमेलसाठी. एका झटपट लॅपची तयारी करताना त्याच्या आधीचा लॅप याचसाठी हळू चालवतात, बॅटरी पूर्ण भरून रेषा ओलांडायला.

अजून एक सवय लावा, ब्रेकच्या खुणेआधी थोडंसं थ्रॉटल सोडून गाडी वाहू द्यायची. एका लॅपला नगण्य वेळ जातो आणि पेट्रोल बरंच वाचतं. खऱ्या शर्यतीत पेट्रोलचीही लॅपला मर्यादा होती, स्पाला २.४६४ लिटर फक्त, त्यामुळे हे सगळेच करायचे. गेममधे लांब रेस लावली आणि पेट्रोलचा खप चालू ठेवला की एखादा पिट स्टॉप वाचवता येतो.

८. सेटअप

थोडक्यात सांगतो कारण सुरुवातीला याची गरज नाही. डिफॉल्ट सेटअपवरच सगळं शिका. बदलायचंच तर मागचा विंग: मोंझासारख्या ट्रॅकला कमी, सिल्व्हरस्टोनला जास्त. टायरची हवा गरम झाल्यावरची बघून ठरवा, थंडीची नाही. राइड हाइट आणि स्प्रिंगला हात लावू नका, या गाडीची सगळी पकड तिच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेवर आहे आणि उंचीत थोडासा फरक पडला तरी वेगवान वळणात गाडी एकदम वेगळी वागते. बाहेरचे तयार सेटअप डाउनलोड केलेत तर ते एका लॅपसाठी आहेत की रेससाठी, हे आधी बघा. झटपट लॅपवाल्या सेटअपमधे रिकव्हरी आणि डिलिव्हरी दोन्ही टोकाला ठेवलेल्या असतात, दहा लॅपच्या रेसला ते कामाचे नाहीत.

९. ट्रॅफिक, लांब रेस आणि ऑनलाइन

ही गाडी एकटीने चालवण्यासाठी बनलेलीच नाही. ल मॉन्सला एकाच वेळी साठच्या आसपास गाड्या असतात, त्यात बऱ्याच जीटी, आणि एलएमपी१ वाले २४ तास त्यांच्यामधून वाट काढायचे. कंटेंट मॅनेजरमधे ग्रिड (शर्यतीत कोणत्या गाड्या असतील ते) स्वतः निवडता येतो, त्यात चार पाच एलएमपी१ आणि बाकी जीटी गाड्या टाका, पोर्शेचीच ९११ आरएसआर चांगली. मग खरी मजा.

मागून येणारी वेगवान गाडी तुमची आहे, म्हणून सुरक्षित जाण्याची जबाबदारीही तुमचीच. लाइट फ्लॅश करा, पण फ्लॅश केला म्हणजे समोरचा बाजूला होईल असं धरून चालू नका, तो आपल्या रेषेवर राहील हेच धरा, तोच नियम आहे आणि तेच बरोबरही आहे. वळणाच्या आत घुसण्यापेक्षा वळण त्याच्या मागे काढा आणि बाहेर पडताना बूस्टने पुढे जा. दुप्पट हॉर्सपॉवर असताना कोपऱ्यात धोका घ्यायची गरजच नाही. फक्त त्या ओव्हरटेकला वापरलेली वीज लॅपमधे पुढे कुठेतरी कमी पडणार, ती कुठून वाचवायची ते जाताजाताच ठरवा.

गाडी बिघडली, धडकली, मागे पडलात तरी लांब रेस लगेच सोडू नका. २०१७ च्या ल मॉन्सला दोन नंबरच्या ९१९ ची पुढची इलेक्ट्रिक यंत्रणाच शनिवारी संध्याकाळी गेली, तासाहून जास्त वेळ गाडी गॅरेजमधे होती, सगळ्यांच्या मागे जाऊन पडली. बर्नहार्ड, हार्टली आणि बॅम्बर त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी जिंकले. आणि २०१६ ला टोयोटा शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पुढे होती, सरळ रस्त्यावर बंद पडली, आणि यानी, द्यूमा आणि लीब यांची ९१९ जिंकली. त्याआधी २०१५ ला हुल्कनबर्ग, बॅम्बर आणि टँडी. सलग तीन वर्षं ल मॉन्स, तिन्ही वर्षं वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपही, आणि २०१७ संपताना पोर्शेने एलएमपी१ सोडलं.

ऑनलाइनला जाताना पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) बघा. चांगले सर्व्हर बरेचसे युरोपात असतात आणि इकडून पिंग जास्त येतो, त्यामुळे समोरची गाडी तुम्हाला दिसते त्यापेक्षा खरी थोडी पुढे मागे असते, चिकटून चालवू नका. वायफायऐवजी केबल लावा. सर्व्हरवर जायच्या आधी त्याची पोर्शेची आवृत्ती, ट्रॅक आणि टायर ब्लँकेट चालू आहेत का ते वाचून घ्या, ब्लँकेट नसतील तर पहिल्या लॅपला थंड टायरवर ला सूर्समधे निम्मा ग्रिड आडवा होतो. त्या पहिल्या वळणाला नेहमीपेक्षा बरंच आधी ब्रेक करा, बाहेरच्या बाजूने रुंद जा, आणि बॅटरी रेदियाँच्या चढणीसाठी राखून ठेवा.